पाच बोटं

"कोट काढा, सिरिलभाऊ," मी म्हणालो.

ते दारातच उभे होते. जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा. भुसावळला वर्षातून जे पंधरा-वीस दिवस थंडीचे मिळतात त्यातला एक. चर्चमधून ते सरळ माझ्या क्वार्टरवर आले होते आणि अंगात तो नेहमीचा काळा कोट होता, गार्डाचा. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी त्यांनी त्याची पितळी बटणं बदलली नव्हती. दर शनिवारी ती घासून चकचकीत करत.

"थंडी आहे रे," ते म्हणाले.

"मागच्या खेपेला तुमची बटणं खुर्चीच्या हातावर टकटक करत होती. रेकॉर्डवरचा बासचा सगळा तुकडा नासला."

"तुझ्या कानांना काय, उंदीर चालला तरी ऐकू येतो."

"म्हणूनच म्हणतोय, काढा."

आतल्या खोलीत गफूरभाई प्लेअरवरची धूळ फुंकत होते. ते तिथूनच ओरडले, "दे दो साहब. नाहीतर नेहेतेसाहेब मशीन चालूच करू देणार नाहीत."

सिरिलभाऊंनी कोट उतरवला. माझ्या हातात देताना त्यांचा हात आतल्या खिशाशी जरा घुटमळला. मी म्हणालो, "कुणी पाकीट मारणार नाही तुमचं." ते हसले आणि कोट सोडला. मी तो दाराजवळच्या खुंटीला अडकवला.

आम्ही तिघंच होतो. सिरिल तुस्कानो मूळचे वसईचे, मेल गाड्यांवर गार्ड म्हणून जन्म काढलेले. गफूरभाईंचं स्टेशनरोडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आणि मी, प्रभाकर नेहेते, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, वय पंचेचाळीस, बिनलग्नाचा. आम्हा तिघांना बांधणारी गोष्ट एकच, जॅझ. भुसावळसारख्या गावात ही आवड म्हणजे दुष्काळात द्राक्षाची बाग. शेजारचे इंगळे गावाहून आलेल्या माझ्या आईला म्हणाले होते, तुमच्या प्रभाकरच्या घरी दर रविवारी भांडी पडल्याचा आवाज येतो, काही भांडण आहे का.

या नादाला मला लावलं ते सिरिलभाऊंनी. मेल घेऊन मुंबईला गेले की बोटीवरून उतरलेल्या खलाशांच्या जुन्या रेकॉर्डी ते फूटपाथवरून आणायचे, लाल-हिरव्या झेंड्यांसोबत पेटीत घालून. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बिलियर्डच्या खोलीत त्यांनी पहिल्यांदा मला बसवलं आणि म्हणाले, डोळे मीट. मी मिटले. तेव्हापासून माझ्या पगाराचं आणि रविवारांचं काय झालं ते सांगत बसत नाही.

बैठक माझ्या घरी भरायची, म्हणून नियम माझे. मी ते ड्रॉइंगच्या कागदावर शाईने, सुबक अक्षरात लिहून भिंतीवर लावले होते. सुई खाली असताना बोलायचं नाही. सुई खाली असताना उठायचं नाही. दाद द्यायची ती बोटांनी. एक बोट म्हणजे चांगलं. दोन म्हणजे फार चांगलं. असं करत पाचांपर्यंत. खाली तिघांच्या सह्या होत्या. सही करताना सिरिलभाऊ म्हणाले होते, "गार्डाला नियम शिकवतोस? मी बत्तीस वर्षांत चालू गाडीतून उतरलो नाही."

बोटांच्या बाबतीत त्यांचा हात फार आखडता होता. गफूरभाई उदार, तीन-चार सहज उधळायचे. मी दोनवर असायचो. सिरिलभाऊंचं एक बोट मिळालं तरी ज्याची रेकॉर्ड असेल त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पाच तर त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. "पाच म्हणजे वरचं दार उघडलं," ते म्हणायचे, "ती एकदाच द्यायची."

आणि त्यांना ड्रम खपायचा नाही. पियानो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळं चालायचं, पण ड्रमवाला एकटा वाजवायला लागला की ते तोंड कडू करून बसायचे. "बाकीचे चहा प्यायला गेले की हा सुटतो," म्हणायचे. त्यांच्याशी मी सहा वर्षं भांडत होतो. ड्रम हा कणा आहे, ड्रम नाही तर काही नाही, असं पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो.

त्या रविवारची रेकॉर्ड मी याच भांडणासाठी आणली होती. मुंबईहून एका ओळखीच्या माणसाकडून मागवली, आठ महिने वाट बघून. चौघांचा संच, पियानो, ट्रम्पेट, बास आणि ड्रम. तिचं नाव मी सांगत नाही. दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक तुकडा आहे आणि त्याच्या मध्यावर तो ड्रमवाला एकटा वाजवतो, पण असा की त्यात सूर ऐकू येतो. मी ती आधी एकट्याने अकरा वेळा ऐकली होती. मनाशी म्हटलं होतं, आज म्हाताऱ्याचं एक बोट काढलं नाही तर नाव सांगणार नाही.

पहिली बाजू झाली. चहा झाला. चहा पिताना सिरिलभाऊ गप्प होते. गफूरभाईंनी विचारलं, "क्या साहब, आज मूड नाही?"

"पायऱ्या चढलो ना," ते म्हणाले. "तुझा हा नेहेते पहिल्या मजल्यावर राहतो, हीच त्याची चूक."

"वय झालं तुमचं," मी म्हणालो.

"झालं," ते म्हणाले. एवढ्या लवकर ते माझं कुठलंच म्हणणं मान्य करत नसत.

मी दुसरी बाजू लावली. आमच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या. गफूरभाई प्लेअरजवळ, मी खिडकीशी, सिरिलभाऊ भिंतीकडच्या हाताच्या खुर्चीत. मी मुद्दामच त्यांचा चेहरा दिसेल असा बसलो होतो. ट्रम्पेट येऊन गेला, पियानो आला. गफूरभाईंनी तीन बोटं वर केली. सिरिलभाऊंचे डोळे मिटलेले होते. मग बाकीचे एकेक करून थांबले आणि ड्रम एकटा उरला.

आधी हलका, पावसाची भुरभुर पत्र्यावर यावी तसा. मग वाढत गेला. मी सिरिलभाऊंकडेच पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले. कपाळावर घाम होता. मला वाटलं, चहाचा असेल. ओठ हलत होते. मला वाटलं, मात्रा मोजतायत. आणि मग त्यांनी उजवा हात खुर्चीच्या हातावरून उचलला. सावकाश, छातीच्या उंचीपर्यंत. तळवा समोर. बोटं उघडी.

पाच.

मी गफूरभाईंकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही ड्रमला! माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी माझाही हात वर केला, तसाच, पाची बोटं उघडी, आणि त्यांच्याकडे बघून हसलो. ते माझ्याकडेच बघत होते. मग हात खाली आला आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यापुढचं मीही डोळे मिटून ऐकलं. ट्रम्पेट परत आला, चौघं परत एकत्र आले आणि तो तुकडा संपला. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली. गफूरभाईंनी ती उचलली. मी म्हणालो, "बोला आता, सिरिलभाऊ. हरलात की नाही?"

ते बोलले नाहीत. मी खांद्याला हात लावला आणि ते एका बाजूला कलले.

रेल्वेचा दवाखाना माझ्या क्वार्टरपासून चालत सहा मिनिटांवर. आम्ही त्यांना खाटेवर घालून नेलं. इंगळे, त्यांचे मुलगे, सगळे धावले. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

*

सातव्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. सिरिलभाऊंची मुलगी नोएला नागपूरहून आली होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. फादर मला म्हणाले, शेवटच्या वेळी तुम्ही जवळ होता, दोन शब्द बोला. मी बोललो. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण त्या दिवशी आलं. नियम सांगितले, बोटं सांगितली, सहा वर्षांचं भांडण सांगितलं. लोक जरा हसले. मग ड्रमचं सांगितलं आणि सगळ्यांसमोर हात वर करून दाखवला. म्हणालो, त्यांनी आयुष्यभर राखून ठेवलेली पाच बोटं दिली आणि गेले. असं मरण मागून मिळत नाही.

बायका डोळे पुसत होत्या. नोएला पुढे येऊन माझ्या गळ्यात पडली. "थँक्यू अंकल," एवढंच म्हणाली. रेजिनावहिनी पहिल्या बाकावर होत्या. त्या रडत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. एकट्याच. इतक्या वर्षांत त्या माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या. त्यांना आमचं संगीत म्हणजे डोकेदुखी. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

"भाऊजी, काल तुम्ही हात दाखवलात. पुन्हा दाखवा."

मी दाखवला.

"तळवा असाच होता? पुढे?"

"हो."

"बोटं अशी, उघडी? जोडलेली नाहीत?"

"उघडी, वहिनी. पाची."

त्या म्हणाल्या, "ते कुठल्या खुर्चीत बसले होते?" मी दाखवली. त्या उठून तिच्यात बसल्या, जरा सरकून, पाठ टेकून. "आणि कोट?"

"तिथे. खुंटीला."

"त्यांनी काढून ठेवला?"

"मी ठेवला. बटणं वाजत होती म्हणून."

त्यांनी खुर्चीपासून खुंटीपर्यंत नजर नेली आणि परत आणली. मलाही ते अंतर दिसलं. चार पावलं असेल.

"ती रेकॉर्ड लावा," त्या म्हणाल्या. "हात वर केला तिथून."

मला बरंच वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, नवऱ्याची शेवटची दाद त्यांना ऐकायची आहे. मी सुई अलगद नेमकी जागेवर ठेवली. ड्रम सुरू झाला. वहिनींनी मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवून तळहाताकडे घेतलं आणि त्यात बघत बसल्या. पापणीसुद्धा हलवली नाही. ड्रम वाढत गेला, ट्रम्पेट आला, बाकीचे आले. मी सवयीने माझ्या खुर्चीत बसलो होतो आणि सवयीनेच बोललो नाही.

सुई खरखरली. मी उचलली.

"नऊ मिनिटं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदराखालून एक छोटी काचेची बाटली काढली आणि प्लेअरच्या झाकणावर ठेवली. आत पांढऱ्या, अगदी बारक्या गोळ्या होत्या.

"गेल्या गणपतीपासून त्यांच्या छातीत कळ यायची. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलंच. मला म्हणाले होते, त्यांना कळलं तर ते माझ्याकडे बघत बसतील, गाणं कोण ऐकणार." त्या बाटलीकडे बघून बोलत होत्या. "कळ आली की आवाज फुटायचा नाही. मग आमचं ठरलं होतं. मी स्वयंपाकघरात असले, कुठेही असले, त्यांनी असा हात केला की गोळी. जिभेखाली ठेवायची. दोन मिनिटांत बरं वाटायचं. बाहेर जाताना बाटली कोटाच्या आतल्या खिशात. तुम्ही कोट घरी पाठवलात ना, तेव्हा खिशातच होती. भरलेली."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला तो आतल्या खिशाशी घुटमळलेला हात दिसला. मग घाम दिसला. हलणारे ओठ दिसले. आणि त्या हाताला उत्तर म्हणून मी वर केलेला माझा हात दिसला, आणि माझं हसू.

"वहिनी, मी..."

"काही बोलू नका."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते काल सगळ्या चर्चने ऐकलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. "ते तुमच्याकडेच बघत होते, असं म्हणालात ना?"

"हो."

"मी घरी असते तर माझ्याकडे बघितलं असतं."

मी खाली जमिनीवर बसलो. पाय धरावेत असं वाटत होतं, पण धरले नाहीत. विचारलं, "गोळीने वाचले असते का?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका." त्या उठल्या. भिंतीवरच्या माझ्या सुबक अक्षरातल्या कागदासमोर उभ्या राहिल्या आणि तिन्ही नियम सावकाश वाचले. खालच्या सहीवर, त्यांच्या नवऱ्याच्या सहीवर, बोट ठेवलं. "घरी जेवणाच्या ताटावरून तीनदा उठायचे. मीठ नाही, पाणी नाही, काहीतरी निमित्त. मी म्हणायचे, माणूस आहे का भोवरा. आणि इथे नऊ मिनिटं बसून राहिले."

मी उठून उभा राहिलो.

दाराशी त्या थांबल्या. "नोएलाला काल रात्री पहिल्यांदा झोप लागली. मला म्हणाली, मम्मी, डॅडींना शेवटी काहीतरी इतकं आवडलं, बरं झालं. सासरी फोन करून सगळ्यांना तेच सांगतेय. तिला ते राहू द्या."

"हो."

"नुसतं हो नको. ती विचारत राहील. तिच्या बापासारखीच आहे ती, एक गोष्ट चार वेळा ऐकणार. विचारेल तेव्हा कालच्यासारखंच सांगायचं. हात करून. तुम्ही सुरू केलंत, भाऊजी, आता तुम्हीच चालवा."

बाटली त्या तिथेच ठेवून गेल्या. विसरल्या असतील असं मला वाटलं नाही.

*

त्या संध्याकाळी मी कागद भिंतीवरून काढला. पुढच्या रविवारी गफूरभाई आले, तेव्हा म्हणालो, प्लेअर घेऊन जा, मोटर बिघडली आहे. ते मशीनचे माणूस. मोटर उत्तम आहे हे त्यांना पाच मिनिटांत कळलं असणार. पण ते घेऊन गेले आणि मी परत मागितला नाही, त्यांनी आणून दिला नाही. त्यांना मी कधी काही सांगितलं नाही. ते वारले त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "सिरिलसाहब क्या आदमी थे. पाँच उंगली देके गये." मी मान हलवली.

रेजिनावहिनी नोएलाकडे नागपूरला गेल्या आणि तिथेच पंधरा वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचं मला कधी पत्र आलं नाही. नोएलाची मात्र यायची, नाताळला न चुकता, आणि ती भुसावळला आली की मला भेटल्याशिवाय जायची नाही. दर वेळी विचारायची. मुंबईहून सासू आली होती तेव्हा तिच्यासमोर सांगितलं. तिच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शंभर माणसांत माइकवर सांगितलं. दर वेळी हात केला. लोकांचे डोळे दर वेळी भरून यायचे आणि माझेही, त्यांना वाटायचं त्या कारणाने नाही.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. आता तीच त्रेसष्ट वर्षांची आहे, केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मी चौऱ्याऐंशीचा. पायऱ्या चढून आली आणि धापा टाकत सिरिलभाऊंच्या खुर्चीत बसली. रिटायर झालो, क्वार्टर सुटलं, पण खुर्ची मी टाकलेली नाही. तिला पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं.

"अंकल," ती म्हणाली, "आता कधी येणं होईल देव जाणे. एकदा सांगा ना. शेवटचं."

मी सांगितलं. नियम, बोटं, ड्रमचं भांडण, चहा, दुसरी बाजू. चाळीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नसेल. मग हात उचलला, सावकाश, छातीच्या उंचीपर्यंत. तळवा समोर, बोटं उघडी. हात आता थरथरतो.

दर वेळी ती इथे डोळे पुसते. या वेळी पुसले नाहीत. खुर्चीतून उठली, दुखऱ्या गुडघ्याने चार पावलं चालत माझ्याजवळ आली आणि तो वर केलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला.

"किती गार पडलाय," ती म्हणाली. "अंकल, बरं वाटतंय ना तुम्हाला?"